आपापल्या गावचे बेथलेहेम

येशूच्या जन्माची गोष्ट बायबलने फार थोडक्यात सांगितली आहे. लूकच्या शुभवर्तमानात मरिया बाळाला बाळंत्यात गुंडाळते आणि उतारशाळेत जागा नसल्याने गव्हाणीत निजवते. रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना देवदूत ही बातमी देतो. ते धावत येतात, बाळाला पाहतात आणि देवाचे गुण गात परत जातात. मत्तयाच्या शुभवर्तमानात ताऱ्याच्या मागोमाग पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष येतात. ते किती होते, हे मत्तय सांगत नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून आणणारेही तीन, हा हिशोब पुढच्या पिढ्यांनी केला. बैलाचा उल्लेख कुठे नाही, गाढवाचा नाही, गोठ्याच्या छपराचाही नाही.

या कोऱ्या जागा लोकांनी भरल्या. दुसऱ्या शतकात याकोबाच्या नावावर लिहिल्या गेलेल्या एका ग्रंथात जन्म गुहेत झाल्याचे आले आणि चौथ्या शतकात बेथलेहेममधल्या एका गुहेवर सम्राट कॉन्स्टंटाइनने चर्च बांधवले. बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव धन्याची गव्हाण ओळखते, असे यशया संदेष्ट्याचे वचन होते. त्यातून ही दोन जनावरे बाळाशेजारी येऊन उभी राहिली. मिलानच्या सेंट अँब्रोज चर्चमध्ये चौथ्या शतकाच्या अखेरची एक दगडी शवपेटी आहे. तिच्यावर कोरलेल्या जन्माच्या प्रसंगात बाळ आहे, बैल आहे, गाढव आहे. मरिया आणि योसेफ मात्र नाहीत. जनावरांनी या चित्रात फार लवकर आपले स्थान पक्के केले होते.

आज नाताळात घरोघरी मांडला जाणारा गोठा म्हणजे अशा भरत गेलेल्या जागांचा इतिहास आहे. आठशे वर्षांत तो राजवाड्यात गेला आणि झोपडीतही गेला. सम्राटाने त्याच्यावर बंदी घातली, क्रांतीने त्याला चर्चमधून बाहेर काढले, जहाजांतून तो समुद्रापार पोचला. जिथे गेला तिथल्या लोकांनी त्यात आपले गाव वसवले आणि त्या गावात स्वतःला उभे केले. हे काम करणारे हात बहुतेक वेळा गवंड्यांचे, कुंभारांचे, शिंप्यांचे, घरातल्या बायकांचे आणि पोरांचे होते.

मध्य इटलीत रिएतीच्या खोऱ्यावर, डोंगराच्या कडेला ग्रेच्चो नावाचे लहान गाव आहे. १२२३ च्या डिसेंबरात असिसीचा फ्रान्सिस तिथे होता. वय चाळिशीतले, तब्येत ढासळलेली. त्याच्या संघाच्या नियमावलीला पोप ओनोरियस तिसरा याने महिन्याभरापूर्वीच, २९ नोव्हेंबरला, मान्यता दिली होती. त्याआधी चार वर्षे, पाचवे धर्मयुद्ध पेटलेले असताना, तो इजिप्तमध्ये जाऊन सुलतान अल-कामिलला भेटून आला होता. नाताळाला पंधरा दिवस उरले असताना त्याने जोव्हान्नी नावाच्या तिथल्या सरदाराला बोलावणे धाडले. बेथलेहेमच्या त्या बाळाने काय हाल सोसले, गवतावर ते कसे निजले होते, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. त्यासाठी त्याने मागितले ते एवढेच: एक गव्हाण, वाळके गवत, एक बैल आणि एक गाढव.

नाताळच्या रात्री आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून माणसे मशाली आणि मेणबत्त्या घेऊन डोंगर चढून आली. गव्हाणीवरच मिस्सा झाली. फ्रान्सिस धर्मगुरू नव्हता, उपयाजक होता. त्या नात्याने त्याने शुभवर्तमान गायले आणि मग तो बोलायला उभा राहिला. त्याचे पहिले चरित्र पाच-सहा वर्षांतच थॉमस ऑफ चेलानो या संन्याशाने लिहिले. त्यात म्हटले आहे की, बेथलेहेम हे नाव उच्चारताना फ्रान्सिसचा आवाज कोकरासारखा होई आणि त्या नावाची गोडी चाखावी तशी तो ओठांवरून जीभ फिरवी. समारंभ संपल्यावर लोकांनी गव्हाणीतले गवत जपून घरी नेले. आजारी गुरांना ते घातले आणि अडलेल्या बाळंतिणींच्या अंगावर ठेवले, अशीही नोंद चेलानो करतो.

मरिया आणि योसेफ यांची सोंगे ग्रेच्चोत कोणी घेतलेली नव्हती आणि कुठली मूर्तीही चेलानोच्या वर्णनात नाही. गव्हाणीत निजलेले बाळ जागे होताना तिथल्या एका माणसाला दिसले, एवढेच तो सांगतो. जन्माचा प्रसंग चर्चमध्ये संवादांतून सादर करण्याची रीत त्याआधी दीडदोनशे वर्षे मठांमध्ये होती. पण ती लॅटिनमध्ये होती आणि संन्यासीच ती करत. फ्रान्सिसने प्रसंग डोंगरावर नेला, खरी जनावरे आणली आणि मेंढपाळांच्या जागी गावकऱ्यांना उभे केले. पुढच्या सगळ्या गोठ्यांनी नेमके हेच उचलले.

फ्रान्सिसचे संन्यासी युरोपभर फिरत होते आणि त्यांच्याबरोबर ही प्रथाही फिरली. त्यांच्या संघातून पोपपदावर बसलेला पहिला माणूस निकोलस चौथा. त्याच्या काळात, १२९० च्या सुमारास, रोमच्या सांता मारिया माज्जोरे या चर्चसाठी शिल्पकार आर्नोल्फो दी कांबियो याने जन्मप्रसंगाच्या संगमरवरी मूर्ती घडवल्या. त्यातल्या काही आजही तिथे आहेत. याच चर्चमध्ये येशूची गव्हाण म्हणून पूजल्या जाणाऱ्या लाकडाच्या फळ्या शतकानुशतके ठेवलेल्या आहेत. त्यातला एक लहानसा तुकडा २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी बेथलेहेमला परत पाठवला.

सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारणेने मूर्तींविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा कॅथलिक चर्चच्या जेझुइट धर्मगुरूंनी गोठ्याचा उपयोग शिकवणुकीचे साधन म्हणून केला. प्रागमध्ये १५६२ साली त्यांनी मांडलेला गोठा आजच्या अर्थाने पहिल्या गोठ्यांपैकी एक मानला जातो. सुट्या मूर्ती होत्या, म्हणजे रोज थोडा बदल करता येई. मेंढपाळ आधी दूर असत, मग जवळ येत. राजे महिनाभर वाटचाल करून ६ जानेवारीला पोचत. अक्षरओळख नसलेल्या माणसासमोर गोष्ट दिवसागणिक उलगडत जाई.

दुसऱ्या बाजूला मार्टिन लूथरने हेच काम गाण्याकडे सोपवले. देवदूत आकाशातून बातमी घेऊन उतरतो, या प्रसंगावर त्याने आपल्या मुलांसाठी एक जर्मन गीत रचले. ते १५३५ मध्ये छापले गेले आणि आजही जर्मन घरांत गायले जाते. मूर्ती मांडणारे आणि मूर्ती नाकारणारे, दोघांनीही नाताळ चर्चच्या वेदीवरून घराच्या ओसरीवर आणला.

गोठ्याचे वैभव पाहायचे तर अठराव्या शतकातल्या नेपल्सला जावे लागते. १७३४ मध्ये बूर्बाँ घराण्याचा तरुण चार्ल्स नेपल्सचा राजा झाला. तो स्वतः गोठ्यासाठी मातीकाम करी आणि राणी मारिया अमालिया दासींना घेऊन बाहुल्यांचे कपडे शिवी, असे सांगतात. राजाचा छंद पाहून सरदारांनी गोठे मांडले, सरदारांचे पाहून व्यापाऱ्यांनी. फादर ग्रेगोरियो मारिया रोक्को हा डॉमिनिकन धर्मगुरू मात्र गरिबांच्या वस्तीत, गल्लीबोळांत फिरून प्रत्येक घरात गोठा असावा म्हणून लोकांच्या मागे लागे.

या मूर्तींची घडण पाहण्यासारखी होती. डोके भाजलेल्या मातीचे, डोळे काचेचे, हातपाय लाकडात कोरलेले आणि धड तारेवर गुंडाळलेल्या तागाच्या काथ्याचे. धड असे असल्यामुळे बाहुली वाकवता येई, बसवता येई, तिच्या हाती टोपली देता येई. सान्सेव्हेरो चॅपेलमध्ये १७५३ साली संगमरवरी पातळ वस्त्राखाली झाकलेला ख्रिस्त घडवून थक्क करणारा जुझेप्पे सानमार्तिनो हा शिल्पकारही गोठ्यासाठी मातीची डोकी करत असे. कपडे शिंपी शिवत, चांदीचे इवलेसे दागिने सोनार घडवत. माशांच्या परड्या, चीजचे गोळे, लसणाच्या माळा, फणसपोळीएवढे पातळ मांसाचे काप मेणात आणि मातीत करणारे वेगळे कारागीर होते.

आणि त्या गोठ्यात किती माणसे! खानावळीचा मालक, पत्ते कुटणारे रिकामटेकडे, कपडे धुणाऱ्या बायका, भिकारी, आंधळा वाजंत्रीवाला, उतारावर झोपी गेलेला बेनिनो नावाचा मेंढपाळ पोरगा. उस्मानी सुलतानाचा वकील १७४१ मध्ये लवाजम्यासह नेपल्सला आला होता. त्याचे फेटे, रेशमी झगे आणि वाजंत्री शहराने डोळे भरून पाहिली आणि लवकरच ती तीन राजांच्या मिरवणुकीत उतरली. पॉम्पेईचे उत्खनन १७४८ मध्ये सुरू झाले. त्यानंतर कित्येक गोठ्यांत बाळ येशू पडक्या रोमन देवळाच्या खांबांमध्ये जन्मू लागला. १७८७ मध्ये जर्मन कवी गटे नेपल्सला होता. घरांच्या सपाट गच्च्यांवर मांडलेले गोठे त्याने पाहिले आणि त्यांच्या मागे पडद्याच्या जागी खरा व्हेसुव्हियस ज्वालामुखी दिसतो, हे त्याने आवर्जून लिहून ठेवले.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळे दिवाळीतल्या किल्ल्यासारखे वाटेल आणि तसे ते आहेही. किल्ल्यावर सिंहासन शिवाजी महाराजांचे, पण पायथ्याशी विहीर, शेत, भाजीवाली, पाणी शेंदणारी बाई हे पोरांचे स्वतःचे गाव. नेपल्सच्या गोठ्यातही बाळ कुठे तरी कोपऱ्यात असे आणि नजर आधी बाजारावर जाई. नाट्यलेखक आणि वास्तुविशारद मिकेले कुचिनियेल्लो याने आपला संग्रह शहराला दिला. सान मार्तिनोच्या मठात १८७९ मध्ये मांडलेला तो गोठा आजही तिथे पाहता येतो. जुन्या शहरातल्या सान ग्रेगोरियो आर्मेनो या अरुंद गल्लीत मूर्तिकारांची दुकाने वर्षभर चालतात. तिथे मेंढपाळांच्या रांगेत फुटबॉलपटू मॅराडोनाही विकायला असतो. शहराला जो आपला वाटला, त्याला गोठ्यात जागा मिळाली.

गोठ्याला संगीतही मिळाले. डिसेंबर लागला की आब्रुत्सो आणि मोलिसे भागातल्या डोंगरांतून मेंढपाळ मशकीचे वाद्य आणि सनईच्या जातीचे ‘चारामेल्ला’ घेऊन शहरांत उतरत. मेंढीच्या कातड्याचे अंगरखे, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या. दुकानांसमोर, घरांतल्या गोठ्यांसमोर नऊ दिवस ते वाजवत आणि मिळेल ते धान्य, पैसे घेऊन परतत. नेपल्सचा वकिली सोडून धर्मगुरू झालेला आल्फोन्सो दे लिग्वोरी याने त्यांच्याच चालीच्या अंगाने नाताळगीते रचली. त्यातले एक गीत नेपल्सच्या बोलीतले आहे आणि ते आजही गायले जाते. तरुणपणी इटलीत राहिलेल्या हँडेलच्या कानांवर हे मेंढपाळी सूर पडले होते. १७४१ मध्ये लंडनमध्ये ‘मसीहा’ रचताना मेंढपाळांच्या प्रसंगाआधी त्याने वाद्यांचा एक लहान तुकडा घातला आणि त्याला ‘पिफा’ असे त्या वाजंत्र्यांचेच नाव दिले.

अठराव्या शतकाच्या शेवटी मात्र राज्यकर्त्यांची नजर फिरली. ऑस्ट्रियाचा सम्राट जोसेफ दुसरा हा बुद्धिवादी सुधारक होता. चर्चमधले गोठे त्याला भाबडेपणाचे वाटत. १७८२ मध्ये त्याने ते मांडण्यास मनाई केली. शेजारच्या बव्हेरियातही काही वर्षांनी तसेच हुकूम निघाले. चर्चच्या माळ्यांवर पडलेल्या मूर्ती तिरोल प्रांतातल्या शेतकऱ्यांनी घरी नेल्या आणि हिवाळ्याच्या लांब रात्री लाकडात नव्या मूर्ती कोरल्या. आल्प्सच्या पार्श्वभूमीवर तिरोली पोशाखातले मेंढपाळ उभे राहिले. एकमेकांच्या घरी जाऊन गोठे पाहायचे, त्यांची तारीफ करायची आणि यजमानाने पाहुण्याला दारूचा पेला द्यायचा, ही रीत इन्सब्रुकजवळच्या थाऊरसारख्या गावांत अजून पाळली जाते. बंदीमुळे गोठा संपला नाही. तो हजारो घरांत वाटला गेला.

फ्रान्समध्ये हेच अधिक तीव्रतेने घडले. क्रांतीच्या धुमश्चक्रीत १७९३-९४ मध्ये चर्चना कुलुपे लागली, मध्यरात्रीची मिस्सा बंद झाली. प्रोव्हान्स भागातल्या लोकांनी दारे लावून घरातच गोठे मांडायला सुरुवात केली, पण गरिबाला परवडेल अशी मूर्ती कुठून आणायची? मार्सेयच्या जाँ-लुई लान्येल (१७६४–१८२२) याने उत्तर शोधले. त्याने प्लास्टरचे साचे केले आणि त्यांत ओली माती दाबून बोटाएवढ्या मूर्ती काढल्या. मूर्ती भाजायच्या नाहीत, उन्हात वाळवून रंगवायच्या. काही पैशांत एक मूर्ती मिळू लागली. या मूर्तींना ‘सांतों’ म्हणतात, म्हणजे लहानगे संत. १८०३ मध्ये मार्सेयला त्यांचा पहिला बाजार भरला आणि तो नोव्हेंबर-डिसेंबरात आजही भरतो.

या संतांमध्ये संत म्हणावेत असे थोडेच. पिठाची गोणी खांद्यावर घेतलेला गिरणीवाला, कोळीण, चाकूसुऱ्यांना धार लावणारा, ढोलकी आणि बासरी एकाच वेळी वाजवणारा वादक, हातात हात घालून चाललेले म्हातारे जोडपे, कमरेला तिरंगी पट्टा बांधलेला नगराध्यक्ष. क्रांतीने दिलेला तिरंगा क्रांतीनेच हाकललेल्या गोठ्यात येऊन उभा राहिला. आणि एक ‘रावी’, दोन्ही हात वर करून आनंदाने आभाळाकडे पाहणारा गावचा भोळा. त्याच्याकडे बाळाला द्यायला काहीच नसते. प्रोव्हान्सचे लोक सांगतात की त्याचा आनंद हीच त्याची भेट, आणि त्याच्याशिवाय गोठा पुरा मानत नाहीत. १८४४ मध्ये आंत्वान मोरेल या मार्सेयच्या लेखकाने हीच पात्रे घेऊन प्रोव्हान्साल बोलीत संगीत नाटक लिहिले. शाळांच्या आणि गावांच्या रंगमंचांवर त्याचे प्रयोग अजून होतात. मातीची माणसे अशा रीतीने बोलायला, गायला लागली.

प्रोव्हान्समध्ये ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या सणाला, तीन बशांत गहू पेरतात. नाताळपर्यंत हिरवेगार कोंब येतात आणि ते गोठ्याशेजारी, जेवणाच्या टेबलावर ठेवले जातात. कोंब सरळ आणि दाट आले तर पुढचे पीक चांगले, असा समज.

पोलंडमधल्या क्राकोव्हचा गोठा इतरांहून वेगळा दिसतो. तिथे डोंगर नाही, गवत नाही. उभा राहतो तो चकचकीत, रंगीत चांदीच्या कागदाने मढवलेला मनोऱ्यांचा वाडा. पोलंडच्या चर्चमधल्या गोठ्यांत पूर्वी कळसूत्री बाहुल्यांचे खेळ होत. हेरोद राजा, त्याचे मुंडके उडवणारा मृत्यू, त्याला ओढून नेणारा सैतान, मग सैनिक, दारूडे, नाचणारी जोडपी. हसण्याखिदळण्याचा गोंगाट वाढला तसे अठराव्या शतकात बिशपांनी हे खेळ चर्चबाहेर काढले. मग बाहुल्यांची पेटी खांद्यावर घेऊन मंडळी घरोघर फिरू लागली.

एकोणिसाव्या शतकात क्राकोव्हच्या वेशीबाहेरच्या गवंड्यांनी ही पेटी आपलीशी केली. हिवाळ्यात बर्फ पडले की बांधकामे बंद, हाताला काम नाही. उन्हाळ्यात ज्या इमारतींची दुरुस्ती केली, त्यांचीच नक्कल ते लाकूड, पुठ्ठा आणि रंगीत कागदात करत. सेंट मेरी चर्चचे दोन असमान मनोरे, व्हावेल किल्ल्यावरच्या कॅथीड्रलचा सोनेरी घुमट, कापडबाजाराच्या कमानी. वरच्या मजल्यावर बाळ येशू, आणि खाली क्राकोव्हच्या पोशाखातली माणसे, दंतकथेतला व्हावेलचा ड्रॅगन. क्रोवोद्जा वस्तीतला गवंडी मिहाउ एझेनेकियेर याने शतकाच्या अखेरीस केलेला मोठा गोठा शहराच्या वस्तुसंग्रहालयात आहे आणि नंतरच्या कारागिरांनी तो नमुना मानला.

पहिल्या महायुद्धानंतर ही कला मागे पडत गेली, म्हणून १९३७ च्या डिसेंबरात शहराने स्पर्धा भरवली. कवी आदाम मित्सकीयेविचच्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर कारागिरांनी आपापले वाडे आणून ठेवले. दोनच वर्षांत जर्मन सैन्य शहरात घुसले. मित्सकीयेविचचा पुतळा नाझींनी १९४० मध्ये फोडला आणि गोठ्यांची स्पर्धा बंद पडली. युद्ध संपले त्याच वर्षी, १९४५ च्या डिसेंबरात, ती पुन्हा सुरू झाली. पुतळा परत उभा राहायला १९५५ उजाडावे लागले. गोठ्यांनी तेवढी वाट पाहिली नाही. आता दर डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी कारागीर तिथे जमतात. त्यांत ट्रामचालक, शिक्षक, शाळकरी मुले सगळे असतात. कित्येक घरांत हे कौशल्य बापाकडून मुलीकडे, आजोबांकडून नातवाकडे आले आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

समुद्रापार गेलेल्या गोठ्याची रूपेही तितकीच वेगळी. पेनसिल्व्हेनियात १७४१ च्या नाताळात मोरेव्हियन पंथाच्या जर्मन स्थलांतरितांनी आपल्या नव्या वस्तीला बेथलेहेम हे नावच दिले. शेवाळ, दगड आणि लाकडी जनावरे मांडून गोष्ट सांगण्याची त्यांची प्रथा तिथे टिकून आहे. मेक्सिकोत ऑगस्टिनियन संन्याशांनी १५८७ च्या सुमारास आकोल्मानच्या मठात नाताळापूर्वीच्या नऊ मिस्सा सुरू केल्या आणि त्यांतून ‘पोसादा’ जन्मली. १६ ते २४ डिसेंबर दर संध्याकाळी मरिया-योसेफाच्या लहान मूर्ती घेऊन माणसे एखाद्या घरासमोर उभी राहतात. बाहेरचे गाण्यातून आसरा मागतात, आतले गाण्यातूनच नकार देतात. कडव्यामागून कडवे ही ओढाताण चालते आणि अखेर दार उघडते. लूकने एका वाक्यात सांगितलेली उतारशाळेची हकीकत मेक्सिकोत नऊ रात्री पुरते. पेरूच्या आयाकुचो शहरात बटाट्याचा लगदा आणि प्लास्टर कालवून केलेल्या मूर्ती रंगीत पेटीत मांडतात. त्यांत बाळाला पाहायला लामा येतात. या पेट्या घडवणाऱ्या होआकिन लोपेस आन्ताय यांना १९७५ मध्ये पेरूचा राष्ट्रीय कला पुरस्कार मिळाला, तेव्हा लिमातल्या चित्रकारांनी ही कला की हस्तकला असा वाद घातला. पुरस्कार त्यांच्याकडेच राहिला.

आपल्या किनाऱ्यावर गोठा पोर्तुगिजांबरोबर आला. फ्रान्सिसच्या संघातले संन्यासी १५१७ पासून गोव्यात स्थिरावले आणि वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेल्यावर तिथेही पोचले. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या मठाचे अवशेष आजही उभे आहेत. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, पण तालुक्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये नाताळ मराठी बोलींतून साजरा होतच राहिला.

जन्माची गोष्ट मराठी छंदात पहिल्यांदा एवढ्या विस्ताराने सांगितली ती इंग्लंडहून आलेल्या जेझुइटाने. थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षे मुख्यतः तिथल्या साष्टीत राहिला. धर्मांतरित लोकांची जुनी पुराणे हिरावली गेली होती; त्या जागी त्यांना गाता येईल, ऐकता येईल असे काहीतरी हवे होते. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीची चाल त्याने आत्मसात केली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ च्या आवृत्त्याही निघाल्या, पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला, तरीही पोथ्या उतरवल्या जात राहिल्या. पुढे अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती समाजात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत आणले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. मूर्ती न मांडणाऱ्या प्रोटेस्टंट घरांत बेथलेहेम उभे राहिले ते टाळ-मृदंगाच्या साथीने.

गोव्यात घरच्या गोठ्याला ‘गोठो’ म्हणतात. त्यासाठी भाताचा पेंढा, बांबू आणि लाल माती लागते. नाताळाच्या काही दिवस आधी ताटलीत किंवा थेट मांडलेल्या मातीत नाचणी पेरतात आणि रोज पाणी शिंपडतात. सणापर्यंत बोटभर हिरवळ उगवते आणि तेच बेथलेहेमचे कुरण. प्रोव्हान्सचा गहू आणि गोव्याची नाचणी, दोन्हीकडे शेतकऱ्याला देवाच्या जन्माच्या घरी आधी काहीतरी उगवलेले हवे होते. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर बाळाची मूर्ती ठेवली जाते. तोवर गव्हाण रिकामी. वाड्यावाड्यांतली तरुण मंडळे रस्त्याच्या कडेला मोठे गोठे उभारतात, त्यात भातखाचरे, विहिरी, कौलारू घरे असतात, आणि गावोगावी त्यांच्या स्पर्धा होतात. वसईतही तरुण रात्री जागून देखावे करतात. पाणी, झाडे, शेतजमिनी हे त्या भागातल्या लोकांच्या जिव्हाळ्याचे प्रश्न त्यांच्या गोठ्यांतही येतात. दिवाळीत किल्ला आणि गणपतीत देखावा करणाऱ्या शेजाऱ्यांच्या पोरांचेही हात या कामाला लागतात.

हा सोहळा ६ जानेवारीपर्यंत चालतो. बारदेशात मांडवीच्या मुखाशी फ्रान्सिस्कनांनी १५५५ मध्ये बांधलेले चर्च तीन राजांच्याच नावाचे आहे, रेइस मागुश. साष्टीच्या किनाऱ्यालगत कासावली, आरोशी आणि कुवेली अशी तीन गावे आहेत. फेस्ताच्या दिवशी तिन्ही गावांतून एकेक मुलगा निवडला जातो. अंगात झळाळता झगा, डोक्यावर मुकुट, हातात भेट. घोड्यावर बसून तिघे तीन वेगवेगळ्या वाटांनी निघतात. मागे वाजंत्री, घरचे, शेजारपाजारचे, दुपारच्या उन्हात घामाघूम झालेले गावकरी. टेकडी चढून ते रेमेदिओस मातेच्या चॅपेलपाशी एकत्र येतात आणि मिस्सेला सुरुवात होते. नंतर उतारावर जत्रा भरते आणि राजे झालेली मुले आपापल्या वाटेने, घोड्यावरूनच, घरी जातात. त्यांच्या दारात तोवर शेजारी जेवायला जमलेले असतात.